अकराशे चौसष्ट पाठकोरे कागद

"आपण यांना ओळखत असाल" असं माझ्या फोनने सुचवलं, तेव्हा फोन माझ्या हातात असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो प्रबुद्धच्या हातात होता. प्रबुद्ध म्हणजे आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. बँकेत नोकरीला आहे, वयाने माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान आणि आवाजाने बराच मोठा. रविवारी सकाळी तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला आमच्याकडे आला होता आणि टाकीचे फोटो बघायला म्हणून त्याने माझा फोन मागितला होता. फोन दुसऱ्याच्या हातात देण्याआधी आपण एकदा बघून घ्यावा, हे शहाणपण मला एकसष्टाव्या वर्षी आलं.

"काका, हे काशीराम पेडणेकर कोण?" प्रबुद्धने विचारलं. "नाक तर सेम तुमचंच आहे."

"मी नाही ओळखत," मी म्हणालो.

स्वयंपाकघरात शेवंतीचा झारा थांबला. ती दारात येऊन उभी राहिली आणि लग्नाची बायकोच बघू शकते तशी माझ्याकडे बघत राहिली. काशीराम पेडणेकर हा माझा सख्खा थोरला भाऊ. तो मालाडला राहतो, मी अंधेरीला. मध्ये तीन स्टेशनं आहेत आणि नऊ वर्षांचा अबोला.

अबोल्याचं कारण थोडक्यात सांगतो, कारण लांबवून सांगितलं की ते उगाच क्षुल्लक वाटायला लागतं. दादाच्या मुलाच्या, देवेशच्या लग्नाची पत्रिका आली. वराचा सख्खा काका म्हणून माझं नाव 'निमंत्रक' या सदराखाली पाहिजे होतं. ते होतं 'व्यवस्थापक' या सदराखाली, आणि तिथेही चौथं, ग्रामस्थ मंडळाच्या दोन पोरांच्या आणि एका चुलतभावाच्या जावयाच्या खाली. व्यवस्थापक म्हणजे मांडवातल्या खुर्च्या मोजणारा माणूस. मी फोन केला तेव्हा दादा म्हणाला, छापखानेवाल्याने वर जागा पुरत नाही म्हणून नाव खाली घेतलं. सख्ख्या भावाला जागा पुरत नव्हती, आणि 'कृपया आहेर आणू नयेत' दोन ओळींत छापलं होतं. मी म्हणालो, "यापुढे मी तुझं तोंड बघणार नाही." दादा म्हणाला, "नको बघू." ठराव अशा रीतीने एकमताने मंजूर झाला आणि मी लग्नाला गेलो नाही.

ही हकीकत आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मीच ती सांगत आलो आहे. माणसाकडे एखादी गोष्ट अभिमान बाळगण्यासारखी असते. कोणाचा मुलगा अमेरिकेत असतो, कोणाच्या बाथरूमला परदेशी नळ असतात. माझ्याकडे हा निर्धार होता. "नऊ वर्षं झाली, पण एकदासुद्धा तोंड बघितलं नाही," हे वाक्य मी गणेशोत्सवाच्या मीटिंगमध्ये, लिफ्टमध्ये आणि एकदा एका शोकसभेतसुद्धा म्हटलेलं आहे.

आता जे कोणाला ठाऊक नव्हतं ते. लग्नानंतर वर्षभराने माझी मुलगी अपूर्वा हिने मला सोशल मीडियावरचं ते खातं काढून दिलं, आणि ती खोलीतून बाहेर गेल्याबरोबर मी पहिलं नाव शोधलं ते दादाचं. त्यानंतर जवळजवळ रोज. दादा नातवाला मांडीवर घेऊन, दादा गावच्या गणपतीसमोर, दादा गुडघ्याला पट्टा बांधून. मी फक्त बघायचो. कधी अंगठा दिला नाही, बदाम दिला नाही, मैत्रीची विनंती तर नाहीच नाही. आमच्या घराण्यात इतकं पडतं कोणी घेतलेलं नाही. शिवाय शब्द पाळण्याच्या बाबतीत मी अत्यंत काटेकोर आहे. मी तोंड बघणार नाही म्हणालो होतो, फोटोबद्दल काही बोललो नव्हतो.

प्रबुद्ध गेल्यावर मी अपूर्वाला बाजूला घेऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे यंत्र असं कोणाचंही नाव कसं काय सुचवतं गं?"

"कोणाचंही नाही सुचवत पप्पा," ती म्हणाली. "तुम्ही कोणाला सारखं सारखं शोधलंत की ते लक्षात ठेवतं. सगळं असतं त्यांच्याकडे. काय शोधलं, किती वाजता, कितीदा."

"कितीदा हेसुद्धा?"

"सेकंदासकट." मग तिने मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. "का? कोणाला शोधलंत?"

मी टाकीचा विषय काढला. पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. माझी नऊ वर्षांची अब्रू कुठल्यातरी परक्या देशात, कोणाच्यातरी कपाटात तारीखवार लावून ठेवलेली होती. ते कपाट उद्या कोणी उघडलं तर? दादाला कळलं तर? तो हसेल. नुसता हसून थांबणार नाही, ग्रामस्थ मंडळाच्या सभेत आभारप्रदर्शनाच्या आधी सांगेल. संध्याकाळपर्यंत माझा निर्णय झाला. खातं नष्ट करायचं.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. चौतीस वर्षं मी एका सरकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात होतो. अभिलेख कक्ष म्हणजे जिथे जुने कागद लाल रुमालात बांधून ठेवतात आणि कोणी मागितले तर सापडत नाहीत म्हणून सांगतात. माझ्या काळात सापडायचे. कागद सांभाळणं सोपं आहे, नष्ट करणं कठीण. त्याला पद्धत आहे. काय नष्ट करायचं त्याची आधी पूर्ण नक्कल काढायची, ती तपासायची, आणि मूळ कागद नष्ट झाल्याची खात्री पटेपर्यंत नक्कल जपून ठेवायची. खात्री पटली की मग नक्कलही नष्ट करायची. ही पद्धत कुठल्या परिपत्रकात आहे हे मला चौतीस वर्षांत कोणी विचारलं नाही, त्यामुळे मीही शोधलं नाही.

खातं बंद करण्याआधी आपली सगळी माहिती उतरवून घेता येते, हे अपूर्वाने सांगितलं. मी रीतसर मागणी नोंदवली. 'आपली विनंती मिळाली आहे' अशी पोच आली. दोन दिवसांनी 'आपली माहिती तयार आहे' असं कळवण्यात आलं. नोकरीत असताना मी स्वतः एवढ्या तत्परतेने कोणाला कागद दिलेला नाही, त्यामुळे क्षणभर मला त्या कंपनीबद्दल आदर वाटला.

पेन ड्राइव्ह घेऊन मी स्टेशनजवळच्या विकीच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. विकीने फाइल उघडली आणि सरकवत सरकवत खाली जात राहिला. खाली जाणं संपेना तेव्हा त्याने चहा मागवला.

"काका, हे हजारच्या वर पानं होतात. पाहिजे ती सांगा, तेवढीच काढतो."

"सगळी काढ. नष्ट करायची आहेत."

विकीने माझ्याकडे बघितलं. नष्ट करण्यासाठी छापून घेणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच मिळालं असावं. "मग दोन्ही बाजूंनी काढतो ना. निम्मे कागद लागतील."

"एका बाजूने," मी म्हणालो. "अभिलेख एका बाजूनेच असतो."

माझा नाश या एका वाक्याने झाला, पण ते तेव्हा कळलं नाही. अकराशे चौसष्ट कागद निघाले. गठ्ठा रिक्षाने घरी आणला, शेवंती कीर्तनाला गेली होती ती वेळ साधून बेडरूममध्ये पसरला आणि चष्मा लावून वाचायला बसलो.

माणसाला आपल्याबद्दल जगाचं काय मत आहे ते जाणून घ्यायची उत्सुकता असते. माझं पहिल्या पन्नास पानांतच समाधान झालं. 'आपल्या आवडीनिवडी' या सदरात लिहिलं होतं: ट्रॅक्टर, घोड्यांच्या शर्यती, गर्भारपणातील आहार. ट्रॅक्टरचा खुलासा मी करू शकतो. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर बाहेर काढण्याचा एक व्हिडिओ बघता बघता मला दुपारची डुलकी लागली होती आणि तो प्रकार म्हणे तासभर आपोआप चालू राहिला. घोड्यांचा आणि गर्भारपणाचा खुलासा माझ्याकडे नाही. चौतीस वर्षं सचोटीने नोकरी केलेल्या माणसाची नोंद अशी असेल, तर बाकीच्या जगाच्या नोंदी काय लायकीच्या असतील, असा विचार मनात आला.

मग ती त्रेचाळीस पानं आली. 'आपण घेतलेले शोध.' काशीराम पेडणेकर, तारीख, वेळ. खाली परत काशीराम पेडणेकर, तारीख, वेळ. पानभर, पुढचं पानभर. मध्येच कुठेतरी 'वातावर घरगुती उपाय' आणि परत काशीराम पेडणेकर. आयुष्यभर मी हजारो लोकांच्या नस्त्या म्हणजे फायली हाताळल्या, पण कुठल्या नस्तीने मला असं तोंडावर बोलून दाखवलं नव्हतं. मी गठ्ठा बंद केला, जुन्या लाल कापडात बांधला आणि माळ्यावर, पितळी भांड्यांच्या मागे सरकवला. तेव्हाच फाडून टाकायला हवा होता, हे आता कोणीही सांगेल. पण मूळ कागद नष्ट झाल्याशिवाय नक्कल फाडायची नसते.

मग मी खातं बंद करण्याचं बटण दाबलं. 'आपली खात्री आहे का?' असं तीनदा विचारण्यात आलं. माझं लग्न ठरलं तेव्हा मला एकदाच विचारलं होतं. शेवटी सूचना आली की खातं तीस दिवसांनी कायमचं नष्ट होईल, त्याआधी आपण आत शिरलात तर विनंती रद्द करता येईल, आणि सगळ्या साठ्यांतून माहिती पुसली जायला आणखी दोन-तीन महिने लागू शकतील. शिवाय आपण इतरांना जे पाठवलं आहे ते इतरांकडे राहील. हे शेवटचं वाक्य मी नीट वाचलं नाही.

आठव्या दिवशी, खातं खरंच बंद होतंय की नाही ते बघावं म्हणून मी आत शिरलो. कसलातरी प्रश्न आला, मी सवयीने 'होय' दाबलं. खातं परत चालू झालं.

प्रबुद्धला विचारायला गेलो, कारण बँकेत असल्यामुळे त्याला असल्या गोष्टी कळतात असा त्याचा समज आहे. तो म्हणाला, "काका, झोपलेल्या पोराला झोपलास का म्हणून हलवून विचारतात का? सोडा ना आता तीस दिवस."

पुन्हा अर्ज, पुन्हा तीस दिवस. एकोणिसाव्या दिवशी शेवंतीने अपूर्वाचा जुना टॅब्लेट काढला, त्यात माझंच खातं उघडं होतं, आणि तिने तिसऱ्या मिनिटाला घावनांच्या रेसिपीला अंगठा देऊन मला पुन्हा जिवंत केलं. तिसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा मी टॅब्लेट कपाटात कुलपात ठेवला, फोनमधून ते चिन्ह काढून टाकलं आणि कॅलेंडरवर रोज एक फुली मारायला लागलो. शेवंतीने विचारलं, "कसलं व्रत आहे?" मी म्हणालो, "आहे एक." ती बिचारी महिनाभर माझ्यासाठी साबुदाणा भिजवत होती. खिचडी चांगली व्हायची, म्हणून मीही गैरसमज दूर केला नाही.

तिसावी फुली मारली, एक दिवस वर जाऊ दिला, आणि नक्कल नष्ट करायला स्टूल घेऊन माळ्यावर हात घातला. पितळी भांडी चकचकीत घासलेली होती. त्यांच्या मागे काहीही नव्हतं.

"तो लाल गठ्ठा?" शेवंती म्हणाली. "अहो, माळा साफ केला ना परवा. ते कागद मी दिले."

"दिले म्हणजे? कोणाला दिले?"

"पाठकोरे होते सगळे," ती शांतपणे म्हणाली.

आमच्या घरात एवढं कारण पुरतं, म्हणून मी स्टुलावरून उतरलो. आम्ही गिरणी कामगाराची मुलं. बाबा गिरणीतून जुने तक्ते आणायचे आणि दादा आणि मी त्यांच्या पाठीवर गणितं सोडवून मॅट्रिक झालो. ज्याची एक बाजू कोरी आहे असा कागद फाडणं किंवा रद्दीत घालणं हे आमच्या घरात पोळी टाकण्याइतकंच पाप समजतात. शेवंतीला हे मीच शिकवलं होतं, लग्नाच्या पहिल्या महिन्यात, आवाज चढवून. एका बाजूने छापलेले अकराशे चौसष्ट कागद मीच घरात आणून ठेवले होते. तिने त्यांचं सोनं केलं.

वाटप असं झालं होतं. एक भाग सोसायटीच्या नोटिसांसाठी प्रबुद्धला. एक भाग त्याची बायको माधुरी ट्यूशन घेते तिच्या मुलांना, आकडेमोडीसाठी. आणि उरलेला भाग कमलवयनीला. कमलवयनी आमच्या गावची. ती कुर्ल्याला राहते आणि घरी मालवणी मसाला, कुळीथपीठ करून बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत गावच्या झाडून सगळ्या घरांना पुरवते. पुड्या बांधायला तिला कागद लागतो.

त्रेचाळीस पानं कोणाकडे होती, हे देवाला ठाऊक.

मी आधी खाली नोटीस बोर्डाकडे धावलो. आमचा नोटीस बोर्ड नवीन आहे, दोन्हीकडून काच असलेला, मागच्या वर्षी मीच सुचवलेला. समोरून वाचलं तर 'मंगळवारी टाकी साफ होणार असल्याने पाणी येणार नाही'. जिन्याकडून वाचलं तर माझ्या आवडीनिवडी. तीन दिवस ते पान तिथे होतं.

"काका, ट्रॅक्टर घेताय म्हणे," तिसऱ्या मजल्यावरच्या शांताबाई जिन्यातच म्हणाल्या. "घेऊ नका. माझ्या भाच्याने घेतला, रोज दुरुस्तीला असतो. त्यापेक्षा पॉवर टिलर बघा." मी नाही म्हणालो, तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "आणि अपूर्वाकडे गोड बातमी आहे का? नाही, तो आहार वाचला म्हणून." अपूर्वाचं अजून लग्न झालेलं नाही. शांताबाई ते विसरल्या होत्या, पण त्या बोलून गेल्या आणि मागून येणाऱ्या दोघांनी ऐकलं. घोड्यांच्या शर्यतीबद्दल मला तोंडावर कोणीही विचारलं नाही, याचा अर्थ ती गोष्ट सगळ्यांनी खरी धरली होती.

प्रबुद्धकडे कागद परत मागितले, तर त्याच्यातला सेक्रेटरी जागा झाला. "काका, एकदा नोटीस लागली की तो सोसायटीचा रेकॉर्ड झाला. असा काढून नाही देता येत. तुम्ही अर्ज टाका, मी मीटिंगमध्ये घेतो."

"अरे, माझी खाजगी माहिती आहे ती."

"म्हणून तर अर्ज टाका म्हणतोय ना. उद्या कोणीपण येईल, म्हणेल माझा कागद आहे."

चौतीस वर्षं मी लोकांना हेच उत्तर दिलं होतं. काउंटरच्या दुसऱ्या बाजूने ते कसं ऐकू येतं, ते मला त्या दिवशी समजलं. अर्ज टाकला. शनिवारी कमिटीची मीटिंग झाली, ठराव मंजूर झाला, आणि कुठली पानं परत दिली याचा घोळ नको म्हणून प्रत्येक पानावर काय आहे त्याची यादी माधुरीकडून सुवाच्य अक्षरात लिहून घेऊन इतिवृत्ताला जोडण्यात आली. यादी कायमस्वरूपी जतन होणार आहे. मला तीनशे बारा कागद मिळाले. त्रेचाळीस पानं त्यांत नव्हती.

माधुरीने मुलांना निरोप दिला आणि मुलांनी आपापल्या दप्तरांतून कागद आणून दिले. त्यांच्या पाठीवर त्रैराशिकं आणि लसावि होते. एका कागदावर एका मुलीने माझ्या फोटोंना आलेल्या अंगठ्यांची सरासरी काढली होती. सरासरी दोन पूर्णांक एक दशांश आली होती आणि माधुरीने बाजूला 'बरोबर' अशी खूण केली होती. त्यातला एक अंगठा कायम शेवंतीचा. इथेही त्रेचाळीस पानं नव्हती.

म्हणजे कमलवयनी. मेट्रोने घाटकोपर गाठलं, तिथून रिक्षाने कुर्ला. घरभर भाजलेल्या मिरच्यांचा वास होता आणि वयनी पाटावर बसून पुड्या बांधत होती. प्रत्येक पुडीला आतून प्लास्टिक, बाहेरून माझा कागद, आणि कोऱ्या बाजूवर गिऱ्हाइकाचं नाव. माझ्या मैत्रीच्या विनंत्या मसाल्याला गुंडाळून मुलुंडला निघाल्या होत्या.

"वयनी, यांत काही पानं होती," मी शिंकत शिंकत म्हणालो. "दादाचं नाव असलेली."

"होती मा," ती म्हणाली. "ओळीओळीक काशीराम, काशीराम. माका वाटला, तूच तेका धाडूक दिलंस. तुमचा बोलणा नाय, म्हणान माझ्या हातान."

"मग कुठे आहेत ती?"

"जेचा नाव कागदार, तेचो कागद. मसाल्यावांगडा धाडलंय. एक पान हय ठेवूक नाय."

सगळीच्या सगळी, व्यवस्थित, क्रमाने. कंपनीच्या कपाटातून माझी माहिती पुसली जायला अजून दोन महिने होते, आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती त्रेचाळीस पानं एक किलो मसाल्यासकट मालाडला पोचलीसुद्धा होती. वयनीने मला कोकमचं सरबत दिलं. मी ते प्यालो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पुढचे चार दिवस वाईट गेले. फोन वाजला की मी शेवंतीला उचलायला लावायचो आणि वाजला नाही की चालू आहे का ते बघायचो. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. नऊ वर्षं ताठ उभा राहिलेला माणूस रोज दाराच्या फटीतून डोकावत होता, हे आता लेखी होतं. मी एक बचाव तयार केला आणि शेवंतीवर त्याची तालीम घेतली. "खातं हॅक झालं होतं. कोणीतरी भलताच माणूस माझ्या नावाने दादाला शोधत होता."

"आठ वर्षं?" शेवंती म्हणाली. "त्या माणसाला दुसरं काही काम नव्हतं?" आणि मग, भाजी निवडता निवडता, "मला ठाऊक होतं. तुम्ही फोटो बघताना ओठ हलवता."

रविवारी सकाळी बेल वाजली. अपूर्वाने दार उघडलं आणि ती "काका" म्हणाली, पण तिने हे मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणायचं कारण नव्हतं. दादा दारात उभा होता. काखेत फाइल होती. त्याने चपला काढल्या, त्या नेहमीसारख्या भिंतीला लावून सरळ ठेवल्या, आत आला आणि मी न सांगता बसला. मी खिडकीबाहेर बघत होतो. शब्द म्हणजे शब्द.

दादाने अंधेरीच्याच एमआयडीसीत एका कारखान्यात अडतीस वर्षं टाइमकीपर म्हणून काढली. कामगार कधी आला, कधी गेला, कोणाचा खाडा पडला, हे बघणं त्याचं काम. त्याने फाइल उघडली. त्रेचाळीस पानं तारखेप्रमाणे लावून टाचलेली होती आणि समासात लाल पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. मसाल्याचा वास खोलीभर पसरला.

"सतरा साल अर्धंच आहे, ते सोडू," दादा म्हणाला. "अठरा साली हजेरी दोनशे सव्वीस. एकोणीस साली दोनशे एकोणचाळीस. वीस साली चारशे अकरा."

"लॉकडाऊन होता," मी खिडकीकडे बघून म्हणालो. "घरीच होतो."

"मी कुठे काय म्हणतोय." त्याने पान उलटलं. तो हसत नव्हता. मी ऐकत होतो, पण हसण्याचा आवाज येत नव्हता. "एकवीस, बावीस, तेवीस ठीक आहे. गणपतीत तर दिवसाला तीन-तीनदा. आता हे बघ. चोवीस साल. जून कोरा, जुलै कोरा, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. सलग पाच महिने खाडा." त्याने बोट तिथेच ठेवलं. "गणपतीतसुद्धा नाही. काय झालं होतं?"

मी तयार केलेला बचाव कुठेतरी राहून गेला.

"मोतीबिंदू," मी म्हणालो. "दोन्ही डोळ्यांना. आधी एकाचं ऑपरेशन, मग दुसऱ्याचं. दिसतच नव्हतं."

दादाने खिशातून लाल पेन्सिल काढली, त्या पाच महिन्यांपुढे कंस केला आणि सावकाश लिहिलं, 'आजारपणाची रजा'. लिहून झाल्यावर पेन्सिल परत खिशात ठेवायला त्याला जरा वेळ लागला.

"माका कळवूक व्हया होतंस," तो म्हणाला. घरात आम्ही लहानपणी बोलायचो तसं. "डोळ्याचा ऑपरेशन, आणि सांगूक नाय."

"कसं कळवणार? आपलं बोलणं नव्हतं."

"हां," दादा म्हणाला. "ता पण खरां."

शेवंतीने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली नाही, तिथेच उभी राहिली. दादाने फाइल बंद करून काखेत घेतली. ती नष्ट करायची आहे असं मी म्हणालो तर त्याने ऐकूनच घेतलं नाही. त्याचं नाव होतं तिच्यावर, तो म्हणाला, आणि घरी कपाटात तिला जागा केलेली आहे.

"आणि आता ते खातं बंद केलंस म्हणे," तो म्हणाला. "अपूर्वाने सांगितलं फोनवर. मग आता कसा बघणार?"

याचा विचार मी केलाच नव्हता. एवढा अर्ज, एवढ्या फुल्या, आणि हे एक राहून गेलं होतं. दादाने माझ्या उत्तराची वाट बघितली नाही. त्याने खुर्ची उचलली, खिडकीजवळ आणली, माझ्या अगदी समोर ठेवली आणि उजेडात बसून चष्मा काढला.

"बघ," तो म्हणाला.

मी बघितलं. दादा फोटोत दिसायचा त्यापेक्षा बराच म्हातारा झाला होता, आणि मी त्याला तसं सांगितलं.

"तूही काही वेगळा दिसत नाहीस," दादा म्हणाला आणि त्याने चहा बशीत ओतला.